अ‍ॅडेला पँकहर्स्ट : कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत आणि पुढे कम्युनिस्टांच्या विरोधात, या बाईबद्दल बोलायचं कसं?

ऊर्मिला_डोंबिवली

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयात बायकांचा एक गट आहे, दर महिन्याला एकीने कुणा एका बाईच्या आयुष्यावर बोलायचं असं ठरलंय, मार्चमध्ये माझी पाळी आहे आणि मी पँकहर्स्ट मायलेकी घेतल्यात. आई एमेलिन आणि मुली ख्रिस्टाबेल, सिल्व्हिया या तिघींचं भरपूर वाचून झालं. १९०३ मध्ये मँचेस्टरच्या नेल्सन स्ट्रीटवरच्या घरात बायकांच्या मताधिकाराची संघटना सुरू झाली, मग लंडनचे मोर्चे, दुकानांच्या काचा, तुरुंग, उपोषणं, नाकातोंडात नळी घालून जबरदस्तीने अन्न घालणं, हे सगळं नीट वहीत उतरवलं. आणि मग धाकटी मुलगी अ‍ॅडेला आली, तिथे माझी गाडी अडली ती अडलीच.

एका दमात सांगते. १८८५ चा जन्म, विशीत मताधिकाराच्या लढ्यात, तुरुंगात, उपोषणात. १९१४ मध्ये आईने ऑस्ट्रेलियाला पाठवून दिलं. तिथे पहिल्या महायुद्धाच्या विरोधात उभी राहिली, १९१७ मध्ये महागाईविरुद्ध मोर्चे काढून परत तुरुंगात, त्याच वर्षी खलाशांच्या युनियनचा पुढारी टॉम वॉल्श याच्याशी लग्न, १९२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत नवराबायको दोघं. इथपर्यंत सगळं सरळ होतं. पण पुढे १९२८ मध्ये हीच बाई बायकांची साम्राज्यनिष्ठ, कम्युनिस्टविरोधी संघटना काढते, कारखान्यांत जाऊन मालक-कामगारांनी मिळूनमिसळून राहावं असं सांगत फिरते, दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर जपान सरकारच्या पाहुणचारावर जपानला जाऊन येते, आणि १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियाचं सरकार तिला स्थानबद्ध करतं. आणि १९६० मध्ये, म्हणजे मरायच्या आदल्या वर्षी, कॅथलिक धर्म स्वीकारते.

आमच्या गटातल्या एक काकू म्हणाल्या, गाळून टाक तिला, तिघींवर बोल, वेळही वाचेल आणि गोंधळही होणार नाही. मला ते अजिबात पटलेलं नाही. चार बायकांचं घर आहे, त्यातली एक अवघड आहे म्हणून तिला बाहेर ठेवायची, हे तर त्या घराने स्वतःच तिच्याशी केलं. पण मग बोलायचं काय? नवऱ्यामुळे बदलली? गरिबीमुळे? आईवरचा राग? की मुळातच कशावर टिकणारी नव्हती? ज्यांनी हा काळ वाचलाय त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज. माझ्याकडे पाऊण तास आहे.

शिवडी_नाका

ऊर्मिलाताई, गाळू नका. आणि एक विनंती, तिची सुरुवात आईपासून करू नका. सगळे तिथूनच सुरू करतात आणि मग अ‍ॅडेला म्हणजे एमेलिनची बिघडलेली मुलगी एवढंच उरतं.

वडील रिचर्ड पँकहर्स्ट वकील, समाजवादी विचारांचे, १८९८ मध्ये गेले तेव्हा अ‍ॅडेला १३ वर्षांची होती. पैसा नव्हता. आईने जन्म-मृत्यू नोंदणीच्या रजिस्ट्रारची नोकरी धरली. ख्रिस्टाबेल कायदा शिकली, सिल्व्हिया चित्रकला, आणि अ‍ॅडेला मँचेस्टरच्या गरीब वस्तीतल्या पोरांना शिकवायला प्राथमिक शाळेत लागली. लहानपणी पाय अधू होते, शरीराने कायम नाजूक. पण बोलायला लागली की सभा धरून ठेवायची. १९०६ मध्ये तुरुंगात जाऊन आली, मग संघटनेने तिला यॉर्कशायरचं काम दिलं, म्हणजे लोकरीच्या आणि कापडाच्या गिरण्यांचा मुलूख. १९०७ मध्ये हेब्डन ब्रिजला विणकरांचा संप चालू होता तिथे ती गेली, संपवाल्या बायकांपुढे बोलली. १९०९ मध्ये स्कॉटलंडमध्ये डंडीला चर्चिलच्या सभेत गोंधळ घातला म्हणून अटक, तुरुंगात उपोषण, चार-पाच दिवसांत सोडावं लागलं.

मताच्या हक्काकडे ती आली ती गिरणीतल्या बायकांच्या बाजूने. आणि नेमकं तेव्हाच लंडनमध्ये आई आणि ख्रिस्टाबेल मजूर चळवळीपासून लांब लांब जात होत्या, त्यांना श्रीमंत बायका हव्या होत्या, देणग्या हव्या होत्या, हुकूम एकीचाच चालायला हवा होता. १९११-१२ पर्यंत अ‍ॅडेलाची तब्येत पार ढासळली, घसा गेला, आणि संघटनेच्या जाळपोळीच्या वळणावर तिचं मनही बसेना. मग काय, बागकाम शिकायला स्टडलीच्या कॉलेजात, मग माळीकाम, मग एका ओळखीच्या घरी मुलांना शिकवायची नोकरी. १९१४ च्या जानेवारीत सिल्व्हियालाही पॅरिसला बोलावून वेगळं व्हायला सांगितलं, कारण तिने ईस्ट लंडनच्या मजूर बायकांची वेगळी फळी बांधली होती. आणि अ‍ॅडेलाच्या हातात ऑस्ट्रेलियाचं तिकीट, २० पौंड, गरम कपडे आणि मेलबर्नच्या मताधिकारवाल्या व्हिडा गोल्डस्टीनच्या नावाने एक चिठ्ठी. २८ वर्षांची होती. आईची भेट पुन्हा कधीच झाली नाही.

आता १९१७. तुमचा पाऊण तास असेल तर पंधरा मिनिटं इथेच द्या.

युद्धामुळे जहाजं मिळेनात, ऑस्ट्रेलियाचा गहू परदेशी जाईना, थप्प्या लागून पडलेला, उंदीर खातायत, आणि शहरात मात्र भाव वाढलेले, मजुरी तिथल्या तिथे. त्यात ऑगस्टमध्ये न्यू साऊथ वेल्सच्या रेल्वेत संप सुरू झाला, तो गोदीत पसरला, खाणीत पसरला, हजारो घरांत पगार बंद. अ‍ॅडेला तेव्हा व्हिक्टोरियाच्या सोशालिस्ट पार्टीत काम करत होती. तिने बायकांना घेऊन मेलबर्नच्या पार्लमेंटवर मोर्चे काढायला सुरुवात केली, मागणी साधी, की माल कोठारात आहे तर भाव उतरवा आणि लोकांना द्या. सरकारने युद्धकाळातल्या कायद्याखाली पार्लमेंटजवळ जमायलाच बंदी घातली, ती तरी जातच राहिली, पकडली की जामीन, जामिनावर सुटली की परत तिथेच. सप्टेंबरमध्ये तर रात्रीच्या मोर्च्यांत दुकानांच्या, कंपन्यांच्या काचा फुटल्या. या सगळ्या धामधुमीत ३० सप्टेंबरला तिने टॉम वॉल्शशी लग्न केलं. टॉम आयर्लंडचा, बायको वारलेली, तीन मुली पदरात. पुढे यांची स्वतःची मुलं झाली. म्हणजे लग्नाच्या दिवसापासून ही भरल्या घराची आई, आणि त्या घराचा कर्ता खलाशांच्या युनियनचा पुढारी, संप झाला की तोच आधी आत.

याच्या आधी १९१६ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीवर सार्वमत झालं तेव्हा ही देशभर विरोधात बोलत फिरली, आणि तिकडे आई ब्रिटनमध्ये सैन्यभरतीसाठी भाषणं देत होती. आईने ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान बिली ह्यूजला तार करून कळवलं की मला अ‍ॅडेलाची लाज वाटते. सार्वमत १९१६ आणि १९१७ दोन्ही वेळा हरलं, पहिल्या वेळी जेमतेम ७२ हजारांच्या फरकाने.

आता माझं मत. ती टिकणारी नव्हती असं मला वाटत नाही. ती प्रत्येक प्रश्न चुलीच्या बाजूने बघायची. युद्ध झालं की पोरं जातात आणि भाव वाढतात. संप लांबला की युनियनचा पुढारी पेपरात येतो आणि घरात बाई उधारी मागत फिरते. आमच्या आईने ८२ चा गिरणी संप असा घरात बसून काढलाय, त्यामुळे मला हे लगेच समजतं. १९१७ चा तो मोठा संप हरला होता हे विसरू नका. १९१९ मध्ये खलाशांचा संप, टॉम तुरुंगात. १९२५ मध्ये परत. अशा दहा वर्षांनंतर एक बाई म्हणायला लागली की संप नको, वाटाघाटी करा, तर मला ते पाप वाटत नाही, मला पटत नाही पण कुठून आलं ते कळतं. पुढचं जपानचं प्रकरण मात्र वेगळं, त्यावर इतरांनी लिहा.

वैशाली_मेलबर्न

धागा बघून फार बरं वाटलं. मी मेलबर्नमध्येच राहते. शिवडी_नाका यांनी लिहिलंय त्यात एक भर, तेव्हा ऑस्ट्रेलियाचं केंद्रीय पार्लमेंट मेलबर्नलाच होतं, स्प्रिंग स्ट्रीटवर, कॅनबेराला ते १९२७ मध्ये गेलं. आज तिथे व्हिक्टोरिया राज्याचं पार्लमेंट भरतं, समोर रुंद दगडी पायऱ्या आहेत, ट्राम जाते समोरून. म्हणजे अ‍ॅडेला मोर्चे न्यायची ते थेट देशाच्या सरकारच्या दारात. आणि रविवारी यारा नदीच्या काठावर मोकळ्यावर सभा व्हायच्या, ज्याला बोलायचंय त्याने पेटी ठेवून वर उभं राहायचं, तिथे ती नेहमीची वक्ती होती.

पण मला जे सांगायचंय ते दुसरंच आहे आणि ऊर्मिला, हे तू नक्की घे. ऑस्ट्रेलियात बायकांना केंद्रीय निवडणुकीत मत १९०२ मध्येच मिळालं होतं. व्हिडा गोल्डस्टीन १९०३ मध्ये सिनेटला उभीसुद्धा राहिली. ब्रिटनमध्ये बायका ज्यासाठी तुरुंगात जात होत्या ते इथे बारा वर्षांपूर्वीच झालेलं होतं, त्यामुळे अ‍ॅडेला इथे उतरली तेव्हा तिच्यापुढे प्रश्न असा की मत मिळाल्यावर त्याचं करायचं काय, आणि तिचं उत्तर होतं युद्ध थांबवायचं, भाव उतरवायचे. इंग्लंडमधल्या बहिणींना हा प्रश्न त्या वयात पडलाच नाही. गोल्डस्टीनने आणि सिसिलिया जॉनने १९१५ मध्ये विमेन्स पीस आर्मी उभी केली, अ‍ॅडेला त्यांची मुख्य वक्ती होती.

मात्र त्या १९०२ च्या कायद्यातच एक कलम होतं. ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी, आशियातले, आफ्रिकेतले आणि न्यूझीलंड सोडून पॅसिफिक बेटांवरचे लोक यांना मत नाही, पुरुषांनाही नाही आणि बायकांनाही नाही, आधीपासून राज्याच्या यादीत असलेले थोडे अपवाद सोडले तर. त्यात आपण हिंदुस्थानीही आलो, ब्रिटिश प्रजा असूनसुद्धा. हा विषय घेऊन १९२२ मध्ये श्रीनिवास शास्त्री ऑस्ट्रेलियाभर फिरले, म्हणजे गोखल्यांच्या पश्चात पुण्याच्या भारत सेवक समाजाची धुरा ज्यांच्याकडे आली तेच शास्त्री. आणि १९२५ मध्ये कायदा बदलून इथे राहणाऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानातल्या लोकांना केंद्रीय मत मिळालं. मूळ रहिवाशांना तर सगळीकडे तो हक्क यायला १९६२ उजाडलं. मी इथल्या शाळांच्या सहली त्या पायऱ्यांवर बघते तेव्हा मला नेहमी वाटतं की मताधिकाराची गोष्ट सांगताना १९०२ चं हे कलम पहिल्या दोन वाक्यांत यायला हवं.

रणजित_के

वरचे प्रतिसाद आवडले, माहिती उत्तम आहे, पण मला वाटतं आपण अ‍ॅडेलाला जरा जास्तच समजून घेतोय.

संपाला कंटाळणं वेगळं. तिची गिल्ड ऑफ एम्पायर, म्हणजे १९२८ ची ती साम्राज्यनिष्ठ संघटना, मंदीच्या काळात सिडनीच्या गरीब वस्त्यांत बायकांना मदत करत होती हे खरंय, आणि १९३२ च्या आसपास ऑस्ट्रेलियात जवळजवळ तीनातला एक कामगार बेकार होता, तेव्हा ती मदत लहान नव्हती. पण त्या संघटनेला उद्योजकांचे पैसे होते, जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या आवारात ही भाषणं करायची ती मालकांच्या परवानगीने. आणि ज्या काळात जपानी फौजा चीनमध्ये होत्या, नानकिंगचं हत्याकांड होऊन गेलं होतं, त्या काळात ही जपानशी मैत्री करा म्हणून लिहीत होती. जपानबद्दलच्या या भूमिकेमुळे तिच्या स्वतःच्या गिल्डनेही तिला दूर केलं. पुढे १९४१ मध्ये ऑस्ट्रेलिया फर्स्ट मूव्हमेंटमध्ये गेली, त्यात फॅसिझमची उघड वाहवा करणारे लोक होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं, चार दिवसांनी डार्विनवर बॉम्ब पडले, आणि मार्चमध्ये हिला आणि त्या संघटनेच्या इतरांना पकडलं. खटला चालवलाच नाही, नुसतं स्थानबद्ध केलं, ते चूकच होतं, माझंही तेच मत आहे. पण ती तिथपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत गेली होती.

आणि तुलना करायची तर घरातच आहे. सिल्व्हियासुद्धा कम्युनिस्ट झाली, तिचंही पक्षाशी बिनसलं, तिलाही पैशाची चणचण होती, मूल होतं, आईने तिलाही तोडलं होतं. पण १९३५ मध्ये मुसोलिनीने इथिओपियावर हल्ला केला तेव्हा ती ठामपणे इथिओपियाच्या बाजूला उभी राहिली आणि १९६० मध्ये अदीस अबाबातच वारली. दुसरी जेनी बेन्स. ती अ‍ॅडेलापेक्षा वयाने मोठी, मजूर घरातली, इंग्लंडमध्ये मताधिकारासाठी कितीदा तरी तुरुंगात गेलेली, १९१३ मध्ये मेलबर्नला आली. १९१७ च्या मोर्च्यांत अ‍ॅडेलाच्या बरोबरीने तीही होती. १९१९ मध्ये लाल झेंडा फडकवला म्हणून तिला शिक्षा झाली तर तुरुंगात उपोषण करून बाहेर आली. कम्युनिस्ट पक्षाने १९२५ मध्ये तिला काढून टाकलं तरी ती मजुरांची बाजू सोडून गेली नाही. गरिबी, पराभव, पक्षाची दादागिरी, हे सगळं दोघींनी पाहिलं.

तेव्हा माझं म्हणणं, कारणं सांगा पण ती निमूटपणे तिकडे ढकलली गेली असं सांगू नका. नवऱ्यामुळे बदलली हेही मला मान्य नाही. टॉम बदलला तोपर्यंत ती स्वतः लिहीत होती, भाषणं देत होती, आणि ज्या बाईने आईच्या विरोधात, पंतप्रधानाच्या विरोधात तोंड उघडलं तिची मतं नवऱ्याची होती असं म्हणणं हा तिचा अपमान आहे.

अजून एक, हे एकटीचंही नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीत १९१४ मध्ये व्हीनसच्या चित्रावर सुरा चालवणारी मेरी रिचर्डसन १९३४ मध्ये ब्रिटनमधल्या मोस्लेच्या फॅसिस्ट पक्षाच्या महिला विभागाची प्रमुख होती. नोरा एलम, तीही जुनी मताधिकारवाली, तीही त्याच पक्षात, १९४० मध्ये तिलाही डांबलं. शिस्त, गणवेश, एका नेत्याचा हुकूम, लोकशाहीच्या कूर्मगतीचा संताप, हे सगळं त्या बायकांच्या संघटनेत आधीपासून होतं असं काहींना वाटतं. मला ते पूर्ण खरं वाटत नाही कारण हजारो जणी तिकडे गेल्याच नाहीत, पण तुमच्या गटात चर्चेला हा मुद्दा चांगला आहे.

दाभोळ_खाडी

मी सहसा इथे नुसता वाचतो पण खलाशांचं नाव आलं म्हणून लिहितोय.

माझे आजोबा आणि त्यांचे वडील दोघं पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या बोटींवर होते. आमच्या बाजूची, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या खाड्यांमधली माणसं डेकवर असायची, वर सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल, मग खलाशी, स्वयंपाकाला भंडारी. खाली बॉयलरला कोळसा घालणारे आगवाले, आणि सलूनमध्ये प्रवाशांचं बघायला, किचनमध्ये, गोव्याची ख्रिश्चन माणसं. मुंबईतून भरती व्हायची. गोऱ्या खलाशापेक्षा पगार कितीतरी कमी, झोपायला जागा कमी, करार वेगळा.

आता ऑस्ट्रेलियाची बाजू बघा. १९०१ मध्येच तिथे कायदा झाला की सरकारी टपाल ज्या बोटींनी जायचं त्यांच्यावर फक्त गोरे कामगार पाहिजेत. तिथल्या खलाशांच्या युनियनची भूमिका अशी की हे काळे लोक स्वस्तात काम करतात, मालक त्यांना आमच्या उरावर आणून बसवतात, त्यांना किनाऱ्यावरच्या धंद्यात शिरू देऊ नका. टॉम वॉल्श ज्या युनियनचा पुढारी ती हीच. १९२५ चा संप तर तुम्हाला माहीतच असेल, ब्रिटिश बोटींवरच्या खलाशांचा महिन्याचा पगार एक पौंडाने कापायला त्यांच्याच युनियनच्या पुढाऱ्याने, हॅवलॉक विल्सनने, मालकांना होकार दिला आणि पोरांनी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका इथल्या बंदरांत बोटी सोडून दिल्या. वॉल्शने त्यांना आसरा दिला, मदत केली. मानलं पाहिजे. परक्या देशाच्या खलाशांसाठी हा माणूस तुरुंगात जायला तयार झाला. पण ते खलाशी गोरे होते. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पगाराबद्दल त्या बंदरात कुणी मोर्चा काढल्याचं घरात कधी ऐकलं नाही.

मी हे रागाने लिहीत नाहीये. त्या युनियनच्या माणसाला मालकाचा डाव बरोबर दिसत होता, स्वस्त मजूर आणून पगार पाडायचा, तो डाव खराच होता. उपाय असा होता की आमच्या माणसालाही तेवढाच पगार द्या म्हणायचं. तो उपाय तेव्हा त्यांनी धरला नाही. म्हणून मला वाटतं अ‍ॅडेला कम्युनिस्ट होती तोवर चांगली आणि नंतर वाईट अशी सरळ रेघ मारता येणार नाही, आधीच्या काळातही कोण आत आणि कोण बाहेर हा प्रश्न होताच. वैशालीताईंनी मतदानाचं लिहिलंय, त्याच घरातली ही दुसरी खोली.

ऊर्मिला_डोंबिवली

बापरे, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. दाभोळ_खाडी, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला, सारंग-टंडेल हे मी गटात नक्की सांगणार, आमच्यात दोघी जणी तुमच्याच तालुक्यातल्या आहेत. रणजित, नवऱ्यामुळे हा प्रश्न मीच विचारला होता, तुमचं उत्तर पटलं, तो मी आता काढून टाकते.

आता माझं असं ठरतंय की १९१७ पासून सुरुवात करायची, मग मागे यॉर्कशायर, मग १९२५, आणि मग गिल्ड. शेवटी जपान आणि स्थानबद्धता काहीही न लपवता. आणि जेनी बेन्स शेजारी ठेवायची.

दोन शंका राहिल्यात. एक, १९२५ मध्ये टॉमला देशाबाहेर काढायचा कायदा केला म्हणतात, त्याचं पुढे काय झालं? आणि दोन, गटात कोणीतरी नक्की विचारणार की चौघींपैकी मत द्यायचा हक्क आधी कुणाला मिळाला. आईला की मुलींना?

वैशाली_मेलबर्न

पहिली शंका. पंतप्रधान स्टॅन्ली ब्रूसने इमिग्रेशनचा कायदा दुरुस्त करून घेतला, की बाहेरून आलेला माणूस देशाचा व्यापार-वाहतूक अडवत असेल तर त्याला हद्दपार करता येईल. निशाण्यावर दोघेच, टॉम वॉल्श आणि त्याचा सहकारी जेकब जॉन्सन. नोव्हेंबर १९२५ ची निवडणूक ब्रूसने याच मुद्द्यावर लढवली आणि जिंकली. दोघांना पकडून सिडनीच्या गार्डन आयलंडवर ठेवलं, बोटीत बसवायची तयारी चालू होती. प्रकरण हायकोर्टात गेलं, इथे हायकोर्ट म्हणजे देशाचं सर्वोच्च न्यायालय बरं का, आणि डिसेंबरमध्ये कोर्टाने दोघांना सोडलं. टॉम १८९३ पासून इथे राहत होता, इतकी वर्षं इथल्या समाजात मिसळून गेलेला माणूस आता इमिग्रंट उरलेलाच नाही तर त्याला इमिग्रेशनच्या कायद्याखाली बाहेर काढणार कसं, असा तो मुद्दा होता. तो निकाल इथे कायद्याच्या विद्यार्थ्यांना अजून शिकवतात. अ‍ॅडेलाच्या बाजूने विचार कर, १९१७ मध्ये तिला स्वतःला देशाबाहेर काढायची भाषा झाली होती, आठ वर्षांनी नवऱ्याला, घरात लहान मुलं. आणि एवढं होऊन युनियनच्या आत टॉम आणि जॉन्सन यांच्यातच भांडणं लागली, टॉमचं पुढारीपण गेलं, घरात येणारा पैसा थांबला. गिल्ड १९२८ ची आहे, मधली दोन-तीन वर्षं यात गेलीत. शिवडी_नाका म्हणतात ती चूल आणि रणजित म्हणतात तो स्वतःचा निर्णय, दोन्ही याच काळात शोधावं लागेल. टॉम १९४३ मध्ये वारला. ती ऑक्टोबर १९४२ मध्ये सुटली होती, म्हणजे शेवटचे काही महिने त्याच्याजवळ होती.

शिवडी_नाका

दुसऱ्या शंकेचं मी सांगतो. उत्तर अ‍ॅडेला.

ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात ब्रिटिश प्रजा, वय २१ पूर्ण आणि देशात सलग सहा महिने वास्तव्य एवढं असलं की यादीत नाव घालता यायचं. अ‍ॅडेला २७ मार्च १९१४ ला मेलबर्नला उतरली, म्हणजे त्या वर्षाच्या शेवटी ती मतदार व्हायला पात्र होती. ब्रिटनमध्ये १९१८ चा कायदा आला तो फक्त तिशीच्या पुढच्या बायकांना, तोही घरादाराच्या अटीसकट, आणि पुरुषांच्या बरोबरीने २१ ला मत मिळालं १९२८ मध्ये, जुलैच्या सुरुवातीला कायदा झाला आणि एमेलिन १४ जूनला गेलेली होती. म्हणजे ज्या मुलीला घराने बाहेर पाठवलं ती आईच्या चार वर्षं आधी हक्काची मतदार. सैन्यभरतीच्या सार्वमतात २८ ऑक्टोबर १९१६ ला, जेव्हा तिकडे तिची आई आणि बहिणी पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देऊ शकत नव्हत्या, तेव्हा इकडे तिला नुसती भाषणं करायचीच नव्हे तर मतपेटीपाशी जायचीही मुभा होती.

फक्त हे सांगताना वैशालीताईंचं १९०२ चं कलम त्याच दमात सांगा, त्याच दिवशी मेलबर्नच्या गोदीत कोकणातले खलाशी असतील तर त्यांना ती मुभा नव्हती. आणि तुमचं बोलणं झालं की इथे लिहा, काकूंना काय वाटलं तेही.